डोणीतला मासा

मासे खाणारं आमचं घर नव्हतं. त्यामुळे मासा मारतात कसा हे आम्हाला ठाऊक नव्हतं आणि जगवतात कसा हेही ठाऊक नव्हतं. तरी त्या उन्हाळ्यात आमच्या घरी एक मासा येऊन राहिला, आणि त्याच्यापायी मी दोन महिने घरात डांबले गेले.

तेव्हा मी पंधरा वर्षांची. सोलापुरात सासरी येऊन दीड वर्ष झालं होतं. घरात माणसं तीनच. गिरणीत कारकुनी करणारे हे, विधवा सासूबाई आणि मी. सासूबाईंना मी आमच्याकडच्या रीतीने आत्याबाई म्हणायचे. सकाळी भोंगा झाला की हे बाहेर पडत ते दिवेलागणीला परतत. मधला सगळा दिवस आम्ही दोघींनी एकमेकींच्या तोंडाकडे बघून काढायचा. भाड्याच्या दोन खोल्या, मागे परसू, परसात आड. आडाजवळ आधीच्या भाडेकऱ्याने म्हशीसाठी ठेवलेली एक दगडी डोणी होती. तिच्यात हिरवं पाणी साचलेलं असायचं आणि आत्याबाई तिच्याकडे बघून नाक मुरडायच्या.

बाहेर पडायचं ते फक्त सोमवारी, पहाटे, दोन गल्ल्या ओलांडून सिद्धेश्वराच्या तळ्यावर. आत्याबाईंचा एक नेम होता. कागदाच्या चिमुकल्या चिठ्ठ्यांवर रामनाम लिहायचं, प्रत्येक चिठ्ठी कणकेच्या गोळीत भरायची आणि त्या गोळ्या तळ्यातल्या माशांना घालायच्या. लिहिण्याचं काम माझं, कारण मी मराठी चौथी झालेली आणि आत्याबाईंना अक्षर येत नव्हतं. शंकराच्या तळ्यात रामाचं नाव कशाला, असं मी एकदा विचारलं. त्यावर "माशाला काय कळतंय की," एवढंच उत्तर मिळालं. मला नाव कुणाचंही चाललं असतं. सोमवार आला म्हणजे झालं.

होळीनंतरच्या एका सोमवारी आत्याबाई गोळ्या टाकत होत्या. पायरीशी माशांची झुंबड उडाली होती. मी खालच्या पायरीवर वाकून पितळी कळशी भरत होते. पाय शेवाळावरून सरकला, भरलेली कळशी हातून सुटली आणि तिची कड नेमकी एका माशावर बसली. वीतभर मासा, करड्या पाठीचा. गालफडामागे लांब जखम झाली, खवले निघाले, शेपटीची एक बाजू फाटली. तो आडवा होऊन तरंगायला लागला.

घाटावरच्या बाया गोळा झाल्या. देवाच्या तळ्यातला मासा, त्यातून सोमवार, त्यातून दोष एका परगावच्या सुनेचा. कुणीतरी म्हणालं, "वंशाला लागतं असलं पाप." ते ऐकलं मात्र, आत्याबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, देवळाकडे तोंड केलं आणि सगळ्यांच्या देखत बोलल्या, "सिद्धेश्वरा, हा मासा बरा होऊन परत तुझ्या तळ्यात पोहेपर्यंत ही पोर घराचा उंबरा ओलांडणार नाही." पाणी सोडलं. मासा कळशीत घातला. मला कुणी काही विचारलं नाही.

मला घोर लागला, पण तो पापाचा नव्हता. अक्कलकोटला माझ्या पाठच्या बहिणीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. तिला धारवाडच्याही पलीकडे दिली होती. आम्ही दोघी एका वाकळेत झोपून वाढलेल्या. तेवढ्या लांब गेलेली मुलगी परत कधी दिसेल याचा भरवसा त्या काळी नसायचा. लग्नाला सात-आठ आठवडे होते. तेवढ्यात मासा बरा झाला तर मी जाणार, नाही झाला तर नाही. इतका सरळ हिशेब होता.

घरी आल्यावर आत्याबाईंनी कळशीतलं तळ्याचं गढूळ पाणी ओतून दिलं. देवाचा मासा, त्याला घरातलं सर्वांत शुद्ध भांडं हवं. म्हणून सणावारी अभ्यंगाचं पाणी काढायचं तांब्याचं घंगाळ माळ्यावरून उतरवलं, मी ते चिंचेने घासलं आणि आडाचं ताजं पाणी भरून मासा त्यात सोडला. जखमेवर हळद आणि तीळतेल लावलं. ते पाण्यात सुटून घंगाळ पिवळं झालं. मग पाणी बदललं आणि पुन्हा हळद लावली. खायला कणकेच्या गोळ्या घातल्या, त्याही चिठ्ठीसकट, कारण घरी आला म्हणून त्याचं रामनाम चुकायला नको. मासा गोळी तोंडात घ्यायचा आणि कागद थुंकून टाकायचा.

मी उंबऱ्याच्या आत राहिले. परसू घरातच धरायचं असं आत्याबाईंनी ठरवलं, नाहीतर पाणी कुणी शेंदलं असतं आणि गोवऱ्या कुणी थापल्या असत्या? पुढचं दार मात्र बंद. देवळातल्या घंटा ऐकू यायच्या, रस्त्यावरून भांडत जाणाऱ्या बाया ऐकू यायच्या, चुडेवाला ओरडत जायचा. मी दाराच्या फटीला डोळा लावायचे. सोमवारी आत्याबाई एकट्या तळ्यावर जायच्या. एवढी एक वाट होती माझी, तीही गेली. रात्री ह्यांना सांगावं तर हे म्हणायचे, "आईने देवाला शब्द दिलाय, मी काय बोलू?" घरात कर्तासवरता पुरुष असून उपयोग काय, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

मग मी एकच धरून बसले. मासा बरा करायचा. रोज दोनदा घंगाळ रिकामं करायचं, चिंच आणि राखेने घासून आरशासारखं लखलखीत करायचं, ताजं पाणी भरायचं. हाताची सालं गेली. आणि मी जेवढी घासू तेवढा मासा खंगत चालला. अंगावर बुळबुळीत पांढरा थर आला. आठव्या दिवशी तो कुशीवर पडून पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करायला लागला. आत्याबाई देव्हाऱ्यापुढे जप करत बसल्या. मी परसात घंगाळाशी बसून रडत होते.

परसाच्या भिंतीपलीकडे एका साळ्याचं घर होतं, तेलुगू बोलणारं. दिवसभर त्यांच्या मागाची खटखट चालायची. त्या घरची बाई भिंतीवर हात टेकून म्हणाली, "काय झालं गं अक्का? कोण मेलंय?"

मी घंगाळ दाखवलं. तिने वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"अय्यो! तांब्यात मासा ठेवलाय व्हय! आणि चिंच लावून घासतीस? इख हाय की ते त्याला. मारून टाकलीस बघ."

"शुद्ध म्हणून..."

"तुला शुद्ध, त्याला न्हाय. ती डोणी हाय न्हवं तितं? शेवाळाची? त्यात सोड. घासू नको, पाणी उपसू नको. मूठभर मीठ टाक आणि गप बस. आमी मासे खाणारी माणसं, आमाला ठावं हाय."

ज्यांनी कधी मासा हातात धरला नाही त्यांनीच ही चूक करावी. इतकी भांडी घासली मी आयुष्यात, पण एवढं मन लावून कुणाचा जीव घ्यायला निघाले नव्हते. आत्याबाईंना न विचारता मी मासा त्या घाण डोणीत सोडला. आत्याबाई जपावरून उठल्या, डोणी बघितली, मला बघितलं आणि म्हणाल्या, "म्हशीच्या उष्ट्यात देव घातलास."

पण चार दिवसांत पांढरा थर गेला. आठवड्याने मासा सरळ पोहायला लागला. मग आत्याबाईंनी डोणीला बाहेरून हळदकुंकू लावलं आणि विषय मिटवला. चुकलं म्हणायची पद्धत आमच्या घरात नव्हती.

उन्हं तापत गेली. दुपारी आत्याबाई डोणीवर ओलं गोणपाट टाकायच्या. त्यांनाही मासा बघायची सवय लागली होती. जेवणं झाली की पाट घेऊन त्या डोणीशी बसायच्या आणि त्याच्याशी बोलायच्या. भाजी कशी नासकी निघाली, पूर्वी पंचमीला फेर धरताना त्या किती उंच उडी मारायच्या, असलं काहीबाही. माझ्याशी त्या इतकं कधी बोलल्या नव्हत्या. मला माशाचा हेवाही वाटायचा आणि रागही यायचा.

एके दिवशी चिठ्ठ्या लिहिताना माझा हात आपोआप चालला आणि रामाच्या जागी मी लिहून बसले, "मला जाऊ दे." घाबरले, पण फाडून टाकवेना. गोळीत भरून डोणीत टाकली. माशाने कणीक खाल्ली, कागद थुंकला. संध्याकाळी डोणीतले कागद वेचताना तो आत्याबाईंच्या हाती लागला. त्यांनी तो उलगडला. त्यांनी तो कपाळाला लावला, दोन्ही डोळ्यांना लावला आणि रामनाम खाली पडायला नको म्हणून पुन्हा घडी करून देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या पायाशी ठेवला. तो तिथेच राहिला. रोज सकाळी हे त्याच्यावर फूल वाहायचे.

लग्नाला सहा दिवस राहिले तेव्हा मासा ठणठणीत झाला होता. जखमेच्या जागी नुसता एक फिकट पट्टा उरला होता. शेपटी भरून आली होती. बोट बुडवलं की येऊन चाचपायचा. मी आत्याबाईंना म्हणाले, "आता सोडायचा ना?" त्या तळ्यावर गेल्या आणि तासाभराने परत आल्या.

"पाणी पार तळाला गेलंय. हात घातला तर चटका बसतोय. दोन मासे काठाला उलटे पडलेत. आता सोडला तर संध्याकाळपर्यंत मरेल. मी तो पोहेल असा शब्द दिलाय, मरेल असा नाही. पाऊस होऊ दे."

पाऊस म्हणजे महिना, दीड महिना. मी ताट घासत होते. ते ताट मी भिंतीवर फेकून मारलं. सासूसमोर ताट आपटणारी सून त्या काळात फार नव्हती. आत्याबाई रागावल्या नाहीत, ताट उचलून त्यांनी कोनाड्यात ठेवलं. त्याने मला आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवशी वडील मला न्यायला आले. कडक उन्हात स्टेशनवरून चालत आले होते. बाहेरच्या खोलीत बसून त्यांनी गूळपाणी घेतलं आणि आत्याबाईंचं सगळं बोलणं खाली मान घालून ऐकून घेतलं. मला वाटलं, ते भांडतील, पगडी पायाशी ठेवतील, काहीतरी करतील. ते एवढंच म्हणाले, "देवाला दिलेला शब्द आहे. आम्ही मुलीकडचे. काय बोलणार?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती रोज विचारते, अक्का कधी येणार म्हणून." आणि थोडं पडतो म्हणून भिंतीला टेकले. दुपारच्या गाडीने ते परत जाणार होते.

मी परसात आले. भिंतीपलीकडे शेजारीण सुताच्या लडी वाळत घालत होती. तिला सगळं माहीत होतं. ती हळूच म्हणाली, "दे हिकडं. मी सोडून येते तळ्यात. पोहला म्हंजे पोहला. मग जगू दे न्हाईतर मरू दे, तू मोकळी."

मी कळशी भरली. मासा हाताने धरून कळशीत घातला. तो धडपडलासुद्धा नाही, माझ्या हाताची त्याला सवय झाली होती. कळशी उचलून भिंतीवर ठेवली. शेजारणीने कळशीच्या गळ्याला हात घातला. आणि मी ती परत ओढून घेतली.

का, ते मला नीट सांगता येणार नाही. पापाची भीती नव्हती, खरंच नव्हती. एकदा माझ्या हातून तो मरता मरता वाचला होता, एकदा मी त्याला घासूनपुसून मारत आणला होता. तिसऱ्यांदा माझ्याने होईना. बहीण माझी होती आणि मासा कुणाचाच नव्हता, तरी होईना. कळशी पोटाशी धरून मी तिथेच मटकन बसले आणि मला स्वतःची चीड आली.

"खुळी हायस तू," शेजारीण म्हणाली आणि आत गेली.

मासा डोणीत सोडून मी वळले तर आत्याबाई मागच्या दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मी डोळे पुसले आणि जे मनात आलं ते बोलून टाकलं. आधी कधी सुचलं नव्हतं. त्याच क्षणी, रिकामी कळशी हातात असताना सुचलं.

"आत्याबाई, हे रोज सकाळी पूजेला बसतात. आपल्याच आडाच्या कलशभर पाण्यात गंगा, यमुना, गोदावरीला बोलावतात. त्या येतात ना?"

"येतात की."

"एवढ्या लांबून त्या येतात. मग दोन गल्ल्यांवरचं तळं आपल्या डोणीत यायचं नाही का? तळ्याचं कळशीभर पाणी आणून देवाचं नाव घेऊन ओतलं, की डोणी म्हणजे तळंच. मासा तळ्यात पोहला. पाऊस झाला की त्याला पोचवू खुशाल."

वडील माझा आवाज ऐकून दारापर्यंत आले होते. आत्याबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, देवाला फसवायला निघालीस.

"हे मला पहिल्याच दिवशी सुचलं होतं," त्या म्हणाल्या.

मला कळेचना. "मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू गेली असतीस." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, डोणीकडे बघत होत्या. "दिवाळीला महिनाभर माहेरी राहिलीस तू. भोंगा होतो, पोरगा जातो. मग दिवेलागणीपर्यंत या घरात माणसाचा आवाज नसतो गं. भाताशी बोलायचे मी, चुलीवरच्या. म्हटलं, मासा आहे तोवर ही आहे."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. दोन महिने! दोन महिने मी दाराच्या फटीला डोळा लावून काढले होते, आणि ही बाई उत्तर पदराला बांधून माझ्यासमोर जेवत होती. एक सणसणीत वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी बोलले नाही. कळशी त्यांच्यापुढे धरली. मला उंबरा ओलांडता येत नव्हता, तेव्हा जायचं तर त्यांनीच जायला हवं होतं.

त्या गेल्या. भर दुपारी, अनवाणी, एकट्या. परत आल्या तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता आणि कळशीत अर्धा चिखल होता. देवाचं नाव घेऊन त्यांनी ती धार डोणीत सोडली. मासा त्या गढूळ धारेखाली येऊन थांबला, कल्ले हलवत राहिला. "पोहला," आत्याबाई म्हणाल्या, आणि मला दाराकडे हात केला.

वडिलांची गाडी चुकली होती, पण संध्याकाळची मिळाली. मी लग्नाच्या आधी पाच दिवस पोचले. बहिणीला हळद लावली, तिची वेणी घातली, ती जाताना दोघी मनसोक्त रडलो. तिला मी पुढे एकदाच बघितलं, तेही सतरा वर्षांनी.

आत्याबाईंना मी त्या दोन महिन्यांबद्दल माफ केलं, असं लिहिलं तर छान दिसेल, पण ते खरं नाही. पुढे मी त्यांची पुष्कळ सेवा केली, त्यांना जीवही लावला, पण ते दोन महिने मनातून गेले नाहीत. आषाढात तळं भरलं तेव्हा आम्ही दोघींनी मिळून मासा सोडला. तो वळूनही न बघता गेला. मला बरं वाटलं. आत्याबाई बराच वेळ पायरीवर बसून होत्या.

मला आठवतो तो मात्र लग्नाहून परतल्याचा दिवस. परसात आत्याबाई डोणीशी बसून एकेक गोळी पाण्यात सोडत होत्या. डोणीत चार-सहा कागद तरंगत होते. मी म्हटलं, "चिठ्ठ्या कुणाकडून लिहून घेतल्या?" मी एक कागद उचलून उलगडला. मग दुसरा उचलला, तिसरा उचलला. सगळे कोरे होते.

"लिहिणारी कुठं होती घरात?" त्या म्हणाल्या. "सरक जरा, ऊन अडव त्याच्यावरचं."

मी बोचकं खाली ठेवलं आणि पदर धरून उन्हाच्या बाजूला उभी राहिले.